खंडांची नावं आली कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही नावं कोणी आणि कधी ठरवली?

कुणी बसून, ठराव करून ठरवली असं झालेलं नाही. सातांपैकी एकट्या अमेरिकेचा जन्मदाखला आपल्या हाती आहे: गाव, साल, पुस्तक, माणसं, सगळं ठाऊक. बाकीची नावं वापरता वापरता रुळली आणि रुळता रुळता पसरली.

पसरली हा शब्द इथे महत्त्वाचा. आशिया, युरोप, आफ्रिका ही मुळात चिमुकल्या मुलखांची नावं होती. व्यापारी, सैन्यं आणि नकाशे करणारे पुढे सरकत गेले तशी ती नावंही त्यांच्यामागून सरकली, आणि शेवटी ज्या प्रदेशांत ते नाव कुणी ऐकलंही नव्हतं तेही त्यांच्या पोटात गेले. अमेरिकेचंही तेच. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकाची गोष्ट मात्र उलटी आहे. तिथे नाव आधी तयार होतं, जमीन मागाहून सापडली.

'आशिया' हे मुळात कशाचं नाव?

आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका पट्ट्याचं. याचा सगळ्यात भक्कम धागा हित्ती लोकांच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात राज्य करणाऱ्या एका प्राचीन लोकसमूहाच्या, दप्तरात सापडतो. इ.स.पू. १४०० च्या सुमारास त्या भागात 'अस्सुवा' नावाचा २२ लहान राज्यांचा एक संघ होता. हित्ती राजा तुधालिया याने त्याचा पाडाव केला आणि ती हकीकत लिहून ठेवली.

१९९१ मध्ये हत्तुसा या जुन्या हित्ती राजधानीच्या अवशेषांजवळ रस्त्याची दुरुस्ती चालू असताना काशाची एक तलवार वर आली. पात्यावर अक्कादी या मेसोपोटेमियातल्या प्राचीन भाषेत एक ओळ कोरलेली आहे. तिचा मथितार्थ असा की, महाराज तुधालियाने अस्सुवा देश मोडला तेव्हा या तलवारी त्याने आपल्या धन्याला, वादळाच्या देवाला वाहिल्या. 'तलवारी' असं अनेकवचन आहे. हाती लागली ती एकच.

ग्रीकांच्या बाजूनेही दुवा मिळतो. ग्रीसमधल्या पायलोसच्या प्राचीन राजवाड्यातल्या मातीच्या पाट्यांवर कामकरी बायकांच्या याद्या आहेत, आणि त्यांतल्या काही बायकांची ओळख 'असविया'च्या, म्हणजे त्या मुलखातून आलेल्या, अशी वाचली जाते. ग्रीक भाषेतला 'व' पुढे गळून गेला आणि 'असविया'चं 'असिया' झालं. मग होमर. 'इलियड'च्या दुसऱ्या सर्गात कायस्टर नदीकाठच्या 'आशियाच्या कुरणा'त हंस आणि क्रौंच पक्ष्यांचे थवे उतरतात अशी एक उपमा आहे. ही नदी एफिससजवळ समुद्राला मिळते. जगातल्या सगळ्यात मोठ्या खंडाचं नाव साहित्यात पहिल्यांदा आलं ते असं, पाणपक्ष्यांच्या कलकलाटात, एका कुरणाला चिकटून.

मग ते एवढं कसं वाढलं?

किनाऱ्यावरच्या ग्रीकांच्या पाठीशी आधी लिडियाचं राज्य होतं, मग इराणी साम्राज्य आलं. जे जे त्या साम्राज्यात, ते ते 'आशिया', असा शब्दाचा विस्तार होत गेला. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या काळात, म्हणजे इ.स.पू. पाचव्या शतकात, आशिया पूर्वेकडे सिंधूच्या खोऱ्यापर्यंत पोचलेला दिसतो.

गंमत अशी की नाव वाढत असताना त्याचा जुना, लहान अर्थही जिवंत राहिला. इ.स.पू. १३३ मध्ये पर्गामम राज्याच्या शेवटच्या राजाने आपलं राज्य मृत्युपत्राने रोमला देऊन टाकलं. रोमने त्या प्रांताला नाव दिलं 'आशिया'. त्यामुळे रोमन अधिकाऱ्याची आशियात बदली झाली म्हणजे तो फार तर एफिससला जात असे. बायबलच्या नव्या करारात 'आशिया' येतो तोही हाच प्रांत. या गोंधळातून सुटका म्हणून पुढे 'आशिया मायनर' हा शब्द रूढ झाला.

आशिया म्हणजे सूर्योदय आणि युरोप म्हणजे सूर्यास्त, हे खरं का?

इंटरनेटवर सगळ्यात जास्त फिरणारी व्युत्पत्ती हीच. आधार म्हणून दोन अक्कादी शब्द दिले जातात: 'असू', म्हणजे बाहेर येणे, उगवणे, आणि 'एरेबू', म्हणजे आत जाणे, मावळणे. शब्द खरे आहेत, अर्थही खरे आहेत. पण त्यावरून नावं निघाली हे सिद्ध होत नाही.

आशियाच्या बाबतीत तर अडचण सरळ आहे. अक्कादी बोलणारे लोक मेसोपोटेमियात राहत. त्यांच्या दृष्टीने एजियन किनारा पार मावळतीला. त्या मुलखाला ते 'उगवतीचा देश' कशाला म्हणतील? मध्ये फिनिशियन, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे, खलाशी घालून हे गणित जुळवायचा प्रयत्न होतो, पण अस्सुवासारखा लेखी पुरावा हाताशी असताना तो आटापिटा कशाला, असं मला वाटतं. युरोपच्या बाबतीत पर्याय इतका स्पष्ट नाही, म्हणून तिथे 'एरेबू'चा पक्ष अजून तग धरून आहे. तरी उच्चारांचे नियम लावले की तोही लंगडतो, असं बऱ्याच भाषाशास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. इतकी सुबक जोडी जमली की आधी संशय घ्यावा.

खरोखर सूर्योदयावरून पडलेलं नाव हवं असेल तर ते जवळच आहे. 'अनातोलिया' हे ग्रीक भाषेतल्या उगवतीसाठीच्या शब्दावरून आलं.

युरोपा नावाची राजकन्या होती म्हणतात. तिच्यावरून नाव पडलं का?

कथा अशी: युरोपा ही फिनिशियातल्या टायर शहराची राजकन्या. समुद्रकिनाऱ्यावर फुलं वेचताना झ्यूस पांढऱ्या बैलाच्या रूपात आला, ती गमतीने पाठीवर बसली आणि बैल थेट समुद्रात शिरून तिला क्रीट बेटावर घेऊन गेला. तिथे तिला मुलगे झाले, त्यांतला एक क्रीटचा प्रसिद्ध राजा मिनोस.

या कथेतली फट हिरोडोटसनेच दाखवली आहे. तो म्हणतो की ही बाई आशियातली, आणि ग्रीक लोक ज्याला युरोप म्हणतात त्या भूमीवर तिने कधी पाऊलही ठेवलं नाही. ती फिनिशियातून क्रीटला आणि क्रीटहून लिशियाला गेली, आणि लिशिया तर पुन्हा आशियातच. युरोपला हे नाव कुणी दिलं ते कुणालाच ठाऊक नाही, असंही त्याने सरळ लिहून टाकलं आहे. अडीच हजार वर्षांत या वाक्यात फारशी दुरुस्ती करावी लागलेली नाही.

ग्रीक भाषेत 'एउरिस' म्हणजे रुंद आणि 'ओप्स' म्हणजे डोळा किंवा चेहरा. त्यावरून 'विशाल मुखाची' असा अर्थ लावतात. राजकन्येला तो शोभतो, पण तेवढ्याने भूमीचं नाव सिद्ध होत नाही. मुळात राजकन्येचं नाव आणि प्रदेशाचं नाव एकच आहेत की योगायोगाने सारखे दिसतात, इथूनच वाद आहे.

युरोप हा शब्द आजच्या अर्थाने कधीपासून वापरतात?

अपोलो देवाच्या एका जुन्या ग्रीक स्तोत्रात पेलोपोनीजमध्ये राहणारे, युरोपात राहणारे आणि बेटांवर राहणारे अशी माणसांची विभागणी येते. म्हणजे तिथे युरोप म्हणजे ग्रीसच्या मुख्य भूमीचा उत्तरेकडचा भाग, बस्स. पुढे तो वाढला. तरी रोमन साम्राज्याच्या उत्तरार्धात थ्रेसमध्ये, आजच्या इस्तंबूलच्या पश्चिमेला, 'युरोपा' नावाचा एक लहानसा प्रांतही होता. म्हणजे खंडाएवढा युरोप आणि जिल्ह्याएवढा युरोप एकाच वेळी नांदत होते.

लोकांनी स्वतःला 'युरोपीय' म्हणवून घेणं त्याहून उशिराचं. इ.स. ७५४ पर्यंतच्या घटना सांगणाऱ्या एका लॅटिन बखरीत फ्रँक, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या राज्याच्या, सैन्याला 'युरोपवाले' अशा अर्थाचा शब्द वापरला आहे, आणि या अर्थाच्या सगळ्यात जुन्या उल्लेखांपैकी तो एक मानला जातो. मध्ययुगात मात्र बहुतेकांची ओळख 'ख्रिस्ती जगातले' अशीच होती. युरोप हा शब्द पंडितांच्या पोथीत असे.

आशिया आणि युरोप सलग जमीन असताना दोन नावं का?

कारण ही विभागणी खलाशांनी केली. एजियन समुद्रातून उत्तरेला निघालं की डावीकडे एक किनारा, उजवीकडे दुसरा. दार्दानेल्सच्या चिंचोळ्या पाण्यातून पुढे गेलं तरी तेच, काळ्या समुद्रातही तेच. एका बाजूला एक नाव, दुसऱ्या बाजूला दुसरं. काळा समुद्र संपल्यावर काय, हा प्रश्न बोटीतल्या माणसाला पडत नाही. तो पडला पंडितांना. मग कुणी फासिस नदी सीमा धरली, म्हणजे आजच्या जॉर्जियातली रिओनी. कुणी तानाइस, म्हणजे आजची डॉन. रशियाचा विस्तार झाल्यावर डॉन पटेनाशी झाली आणि १७३० च्या दशकात फिलिप योहान फॉन स्ट्राहलेनबर्ग आणि वासिली तातिश्चेव्ह यांनी उरल पर्वताची रेघ पुढे केली. तीच पुस्तकांत राहिली.

हिरोडोटसला हा सगळा प्रकार तेव्हाच खटकला होता. जमीन एक, तर तिला तीन नावं कशाला, आणि तीही बायकांची, असं तो विचारतो. नाईल नदी ही आशिया आणि लिबियाची सीमा मानणाऱ्यांची तर त्याने चांगलीच फिरकी घेतली आहे: नाईलचे फाटे ज्या त्रिभुज प्रदेशाला मध्ये घेतात तो मग ना इकडचा ना तिकडचा, त्याला चौथा खंड म्हणा!

'युरेशिया' हा जोडशब्द एकोणिसाव्या शतकातला. भूवैज्ञानिक एदुआर्द झ्युस याने तो प्रचारात आणला. भूगोलाच्या दृष्टीने तोच जास्त प्रामाणिक आहे.

आफ्रिका हे नाव कुठून आलं?

कार्थेजच्या आसपास, आजच्या ट्युनिशियात, राहणाऱ्या लोकांना रोमन 'आफ्री' म्हणत, एकवचनी 'आफेर'. लॅटिन नाटककार तेरेन्स याचं पूर्ण नाव पुब्लियुस तेरेन्तियुस आफेर, कारण तो मूळचा तिकडचा मानला जाई. 'आफ्रिका तेर्रा' म्हणजे आफ्रींची भूमी. 'तेर्रा' गळलं, 'आफ्रिका' उरलं.

इ.स.पू. २०२ मध्ये झामाच्या लढाईत कार्थेजचा सेनापती हॅनिबल याला हरवणाऱ्या रोमन सेनापती सिपिओला 'आफ्रिकानुस' ही पदवी मिळाली. इ.स.पू. १४६ मध्ये रोमने कार्थेज जाळून बेचिराख केलं आणि जिंकलेल्या मुलखाला प्रांताचं नाव दिलं, आफ्रिका. पुढे अरबांनी तोच शब्द 'इफ्रिकिया' म्हणून उचलला, आणि त्यांचाही इफ्रिकिया म्हणजे साधारण ट्युनिशिया आणि शेजारचा पट्टा एवढाच.

पूर्ण खंडासाठी मात्र ग्रीकांचा शब्द वेगळा होता.

तो कोणता?

लिबिया. इजिप्तच्या पश्चिमेला राहणाऱ्या 'लिबू' नावाच्या टोळ्यांचा उल्लेख इजिप्तच्या इ.स.पू. तेराव्या शतकातल्या नोंदींत येतो. ग्रीकांनी त्यावरून नाव घेतलं आणि सगळ्या भूमीला लावलं. इ.स. दुसऱ्या शतकातल्या भूगोलकार टॉलेमीपर्यंत ग्रीक भूगोलात 'लिबिया'च चालत होतं. लॅटिन लिहिणारे, उदाहरणार्थ इ.स. पहिल्या शतकातला पोम्पोनियुस मेला, 'आफ्रिका' लिहीत. युरोपचं पांडित्य पुढे हजारभर वर्षं लॅटिनमधून चाललं, म्हणून आफ्रिका जिंकलं. लिबिया हे नाव मग जवळपास अडगळीत पडलं. १९३४ मध्ये इटलीने आपल्या दोन वसाहती एकत्र करून त्यांना ते अधिकृतपणे दिलं, आणि आज ते एका देशाचं नाव आहे.

'आफ्री' या शब्दाचा अर्थ काय?

इथे अंदाजांचा बाजार आहे. त्यांतले नेहमी भेटणारे सांगतो.

बर्बर भाषांत 'इफ्री' म्हणजे गुहा, त्यावरून 'गुहांत राहणारे'. हा त्यातल्या त्यात वजनदार, कारण शब्द त्याच भूमीतला आहे. सोळाव्या शतकातला प्रवासी लिओ आफ्रिकानुस, म्हणजे अल-हसन अल-वझ्झान, याच्या नावावर ग्रीक व्युत्पत्ती आहे: 'अ' म्हणजे नसलेला आणि 'फ्रिके' म्हणजे थंडीचा काटा, म्हणून थंडी नसलेला देश. सेव्हिलच्या इसिडोरने लॅटिन 'आप्रिका', उन्हाने उबदार, हा शब्द पुढे केला. ज्यू इतिहासकार जोसेफसने अब्राहमच्या एफेर नावाच्या नातवावरून नाव पडल्याचं लिहिलं. शेवटच्या तिघांत एक दोष सामाईक आहे: प्रत्येकाने आपल्याला येणाऱ्या भाषेत किंवा आपल्या धर्मग्रंथात उत्तर शोधलं. स्थानिक लोकांच्या नावाचा अर्थ स्थानिक भाषेत शोधावा, हे त्यांना सुचलंच नाही.

आफ्रिकेचं खरं नाव 'अल्केबुलान' होतं का?

असे मेसेज खूप फिरतात, सोबत 'मानवजातीची माता' असा भारदस्त अर्थही असतो. आफ्रिकेतले लोक पूर्वी संपूर्ण खंडाला मिळून एका नावाने ओळखत होते याचा पुरावा नाही. असण्याचं कारणही नाही. नाईलच्या खोऱ्यात राहणारा, काँगोच्या जंगलात राहणारा आणि दक्षिण टोकाला गुरं राखणारा यांना आपण एकाच जमिनीच्या तुकड्यावर आहोत हे कळायला आधी त्या तुकड्याची कड दिसावी लागते. तेच आशियाचं, तेच अमेरिकेचं. खंड ही कल्पनाच बाहेरून बघणाऱ्याची.

कोलंबस आधी पोचला, मग अमेरिका वेस्पुचीच्या नावाने का?

कारण कोलंबसला आपण नव्या भूमीवर उतरलो हे शेवटपर्यंत धड मान्य नव्हतं, आणि वेस्पुचीच्या नावाने छापलेल्या पत्रांत ते ठणकावून सांगितलं होतं.

अमेरिगो वेस्पुची हा फ्लॉरेन्सचा. व्यापारी पेढीचा माणूस, नंतर दर्यावर्दी. १५०३ च्या सुमारास 'मुंडुस नोवुस', म्हणजे 'नवं जग', या नावाने त्याचं एक पत्र लॅटिनमध्ये छापून आलं आणि ते युरोपभर हातोहात खपलं. दक्षिणेकडे मैलोन्मैल गेलो तरी किनारा संपत नाही, ही बेटं नव्हेत, प्राचीनांना ठाऊक नसलेला खंड आहे, असा त्याचा सूर.

त्याच सुमाराला लोरेन प्रांतातल्या सँ-दिए या डोंगराळ गावात काही विद्वान टॉलेमीच्या भूगोलाची नवी आवृत्ती काढायच्या खटपटीत होते. त्यांच्यात नकाशाकार मार्टिन वाल्डझेम्युलर आणि कवी-पंडित मातियास रिंगमन हे होते. वेस्पुचीचं साहित्य हाती आलं तसा त्यांनी बेत बदलला. एप्रिल १५०७ मध्ये भूगोलाची प्राथमिक ओळख करून देणारं त्यांचं एक पुस्तक छापून झालं. त्यात म्हटलं आहे की जगाचा चौथा भाग अमेरिकुसने शोधला, तेव्हा त्याला त्याच्याच नावावरून 'अमेरिका' म्हणायला कुणाची हरकत असावी असं वाटत नाही, युरोप आणि आशियालाही बायकांचीच नावं मिळालेली आहेत. 'अमेरिगो'चं लॅटिन रूप 'अमेरिकुस', आणि त्याचं स्त्रीलिंग 'अमेरिका'. सगळा तर्क एवढाच.

सोबत भिंतीएवढा नकाशा. लाकडी ठशांवरून छापलेले १२ कागद जोडले की तो सुमारे सव्वा मीटर उंच आणि सव्वादोन मीटरहून जास्त रुंद होतो. वरच्या बाजूला दोन चित्रं: जुन्या जगापाशी टॉलेमी, नव्या जगापाशी वेस्पुची. आणि 'अमेरिका' हा शब्द दक्षिणेकडच्या भूभागावर, खालच्या अंगाला, बारीक अक्षरात. उत्तरेकडच्या तुकड्यावर तो नाहीच. आज ज्या देशाला जग सर्रास अमेरिका म्हणतं, त्याच्या जमिनीवर हे नाव तेव्हा आलेलंच नव्हतं.

तो नकाशा आज कुठे आहे?

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये. हजार प्रती काढल्याचं मानलं जातं, आणि त्यांतली एकच उरली. ती १९०१ मध्ये जर्मनीतल्या वोल्फेग किल्ल्याच्या ग्रंथसंग्रहात योझेफ फिशर या जेझुइट अभ्यासकाला सापडली. लायब्ररीने २००३ मध्ये एक कोटी डॉलर मोजून ती घेतली.

वेस्पुचीने कोलंबसचं श्रेय लाटलं का?

हा आरोप जुना आहे; सोळाव्या शतकात बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूने तो जोरात केला. वेस्पुचीच्या नावावरच्या दुसऱ्या एका पत्रात १४९७ च्या सफरीचा दावा आहे. तो खरा धरला तर तो मुख्य भूमीवर कोलंबसच्या एक वर्ष आधी पोचला असं होतं. बरेच इतिहासकार ही सफर झालीच नाही असं मानतात, आणि पत्रात छापणाऱ्यांनी मीठमसाला घातला असावा असंही म्हणतात.

पण नाव लाटल्याचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. नाव ठेवणारे सँ-दिएचे, त्यांची आणि याची भेटही नव्हती. कोलंबसने तर १५०५ मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात वेस्पुचीची भला माणूस म्हणून शिफारस केली आहे. कोलंबस १५०६ मध्ये वारला, वेस्पुची १५१२ मध्ये. आणि वेस्पुचीने हे नाव स्वतः कधी वापरलेलं दिसत नाही.

नाव ठेवणाऱ्याने ते मागे घेतलं होतं म्हणे?

हो, आणि या सगळ्या प्रकरणातला हा माझा आवडता भाग. १५१३ मध्ये टॉलेमीची आवृत्ती अखेर निघाली तेव्हा त्यातल्या नकाशावर वाल्डझेम्युलरचा 'अमेरिका' गायब होता. त्याऐवजी 'अज्ञात भूमी', आणि शेजारी टीप: ही भूमी आणि जवळची बेटं जिनोव्हाच्या कोलंबसने कास्तीलच्या राजाच्या आज्ञेने शोधली. १५१६ च्या त्याच्या मोठ्या नकाशातही 'अमेरिका' परतलं नाही.

पण तोवर फार उशीर झाला होता. इतरांनी पहिल्या नकाशावरून नाव उचललं होतं. १५३८ मध्ये गेरार्ड मर्केटरने ते उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही भूभागांवर घातलं आणि विषय संपला. स्पेनचा दरबार मात्र पुढे कितीतरी काळ हट्टाने 'इंडीज'च म्हणत राहिला.

निकाराग्वातल्या डोंगरावरून किंवा ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यावरून अमेरिका नाव पडलं, हे सिद्धांत?

अमेरिके नावाची डोंगररांग निकाराग्वात आहे आणि रिचर्ड अमेरिक नावाचा माणूस ब्रिस्टलला होता, इतपत खरं. पण ज्यांनी नाव ठेवलं त्यांनीच कारण छापून ठेवलं आहे. यापलीकडे काय हवं?

ऑस्ट्रेलिया आणि ऑस्ट्रिया यांचा काही संबंध आहे का?

थेट नाही. ऑस्ट्रिया हे जर्मन 'पूर्वेकडचं राज्य' या अर्थाच्या नावाचं लॅटिन रूप. ऑस्ट्रेलिया हे लॅटिन 'आउस्तेर'वरून, म्हणजे दक्षिण वारा, दक्षिण दिशा. मागे खूप खोल गेलं तर दोन्ही पहाटेच्या उजेडासाठीच्या एकाच धातूपाशी पोचतात असं भाषाशास्त्र सांगतं. आपली 'उषा' त्याच कुळातली. पहाटेचा शब्द लॅटिनमध्ये दक्षिणेकडे कसा वळला हे कोडं आहे. १६०६ मध्ये स्पेनच्या चाकरीतल्या केइरोस या दर्यावर्द्याने प्रशांत महासागरातल्या एका बेटाला, आजच्या व्हानुआतूत, 'आउस्ट्रियालिया' असं नाव देऊन दोन्ही शब्दांची मुद्दाम सरमिसळ केली होती. स्पेनचा राजा ऑस्ट्रियाच्या घराण्यातला, म्हणून.

मग ऑस्ट्रेलिया नाव पक्कं कसं झालं?

उत्तरेला एवढी जमीन आहे तर तोल राखायला दक्षिणेलाही असणार, अशी समजूत जुनी होती. त्या काल्पनिक भूमीला 'तेर्रा आउस्त्रालिस' म्हणत. ऑर्टेलियसच्या १५७० च्या नकाशात ती तळाशी ऐसपैस पसरली आहे, सोबत 'अद्याप अज्ञात' असा शेरा. डचांनी सतराव्या शतकात खऱ्या किनाऱ्याचे भाग पाहिले आणि त्याला 'न्यू हॉलंड' म्हटलं. मग जेम्स कुकने १७७२ ते १७७५ च्या सफरीत दक्षिण समुद्र पालथा घातला. काल्पनिक महाखंड काही सापडला नाही.

इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सने १८०१ ते १८०३ मध्ये न्यू हॉलंडला जहाजाने प्रदक्षिणा घातली आणि पूर्व-पश्चिम मिळून ही एकच भूमी आहे हे दाखवलं. परतीच्या वाटेवर तो मॉरिशसला थांबला आणि फ्रेंचांनी हेर समजून त्याला १८१० पर्यंत अडकवून ठेवलं. तिथे काढलेल्या नकाशावर त्याने 'ऑस्ट्रेलिया' लिहिलं. लंडनला परतल्यावर वजनदार शास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स यांना ते पसंत पडेना, म्हणून १८१४ च्या पुस्तकाच्या नावात 'तेर्रा ऑस्ट्रालिस'च राहिलं. फ्लिंडर्सने आपली आवड एका तळटिपेत सरकवली: माझ्यावर असतं तर 'ऑस्ट्रेलिया' केलं असतं, कानाला बरं लागतं आणि पृथ्वीच्या इतर मोठ्या भागांच्या नावांशी जुळतं. पुस्तक १८ जुलैला बाहेर आलं, दुसऱ्या दिवशी तो वारला.

तळटीप जिंकली. तिथल्या ब्रिटिश वसाहतीचा गव्हर्नर मॅक्वारी याने १८१७ मध्ये या नावाची शिफारस केली आणि १८२४ मध्ये ब्रिटिश नौदल खात्याने ते स्वीकारलं.

फ्लिंडर्सचा आणखी एक युक्तिवाद होता: याहून दक्षिणेला दुसरी मोठी भूमी सापडण्याची शक्यता नाही, तेव्हा दक्षिणेचं नाव हिलाच द्यावं. सहा वर्षांत ती भूमी दिसली.

ती अंटार्क्टिका. तिच्या नावात अस्वल आहे का?

आहे, पण आकाशातलं. ग्रीक 'आर्क्टोस' म्हणजे अस्वल. उत्तर दिशेला दिसणारं सप्तर्षींचं तारकामंडळ त्यांना अस्वल वाटे, म्हणून उत्तर म्हणजे 'आर्क्टिक'. 'अँटी' लावलं की तिच्या समोरची बाजू. संस्कृत 'ऋक्ष' हा आर्क्टोसचा सख्खा भाऊ, आणि ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात रात्री उंचावर दिसणाऱ्या ताऱ्यांना 'ऋक्ष' म्हटलं आहे. आर्क्टिकला पांढरी अस्वलं आहेत आणि अंटार्क्टिकाला नाहीत, हा निव्वळ योगायोग.

शब्द खंडापेक्षा दोन हजार वर्षांनी जुना. मधल्या काळात तो भलतीकडेही वापरला गेला: १५५५ मध्ये फ्रेंचांनी आजच्या रिओ दि जानेरोपाशी वसाहत केली, तिला 'अंटार्क्टिक फ्रान्स' म्हणत. जानेवारी १८२० मध्ये रशियाचा बेलिंग्सहाउझेन आणि ब्रिटनचा ब्रान्सफील्ड यांनी काही दिवसांच्या अंतराने खरा किनारा पाहिला. खंडाचं नाव म्हणून 'अंटार्क्टिका' नकाशावर आणण्याचं श्रेय स्कॉटलंडच्या जॉन जॉर्ज बार्थोलोम्यूला, १८९० च्या सुमारास, दिलं जातं.

सगळी नावं 'अ'-'आ'च्या जवळपास सुरू होतात आणि 'आ'ने संपतात. युरोपच वेगळा का?

शेवटच्या 'आ'चं कारण लॅटिन व्याकरण. 'तेर्रा', म्हणजे भूमी, स्त्रीलिंगी. म्हणून भूमीची नावंही स्त्रीलिंगी, आकारान्त. लॅटिनमध्ये 'एउरोपा'च होतं, तो 'आ' पुढच्या भाषांत झडला. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया तर या साच्यात मुद्दाम बसवलेली नावं. सुरुवातीच्या अक्षराचं साम्य योगायोगाचं.

जंबुद्वीप म्हणजेच आशिया का?

तसं सरसकट म्हणता येत नाही. पुराणांतली सात द्वीपं, जंबू, प्लक्ष, शाल्मली, कुश, क्रौंच, शाक, पुष्कर, ही एकाभोवती एक अशी वलयांकित आहेत आणि मधे क्षीर, इक्षुरस वगैरेंचे समुद्र. ती विश्वरचना आहे. तिच्यातलं एकेक द्वीप एकेका खंडाला चिकटवण्याचा खेळ पुष्कळांनी केला, जमला कुणालाच नाही. अशोकाच्या लघुशिलालेखांत 'जंबुद्वीप' येतं ते बहुधा आपल्या ओळखीच्या मुलखासाठी.

गोंडवना, पॅन्जिया ही नावं कुणी दिली?

ही आधुनिक, भूवैज्ञानिकांची. 'गोंडवना' हे मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशाचं नाव. तिथल्या खडकांच्या थरांना ते १८७० च्या दशकात लावलं गेलं, आणि तसेच थर व जीवाश्म दक्षिणेकडच्या इतर भूभागांत सापडल्यावर 'युरेशिया'वाल्या एदुआर्द झ्युसनेच प्राचीन महाखंडालाच 'गोंडवनालँड' म्हटलं. 'पॅन्जिया' म्हणजे ग्रीकमध्ये 'सगळी भूमी', आल्फ्रेड वेगेनरच्या खंडवहनाच्या कल्पनेतून आलेला शब्द.

सगळ्यात ताजं नाव झीलँडिया. न्यूझीलंडच्या भोवतीचं हे भूकवच सुमारे ९४ टक्के पाण्याखाली आहे. ब्रूस लुयेनडिक याने १९९५ मध्ये नाव सुचवलं आणि २०१७ मध्ये काही भूवैज्ञानिकांनी याला स्वतंत्र खंड माना असा प्रबंध छापला. त्या नावाचा माग काढला तर आपण नेदरलँड्सच्या झीलंड या किनारी प्रांतात पोचतो.